बाबांच्या फुफ्फुसात पाणी आलं कुठून आणि गेलं कुठे?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मुलगी ३९ वर्षांची, पुण्यात नोकरीला. आई-बाबा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, धाकटा भाऊ त्यांच्यासोबत. बाबा ७० वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, हृदयाचं पंपिंग कमी आहे असं तेव्हाच सांगितलेलं. मे महिन्यात नात्यातल्या लग्नाला सगळे चार दिवस बाहेरगावी होते, बसमध्ये सारखं लघवीला उठायला नको म्हणून बाबांनी 'पाण्याची गोळी' बंद ठेवली, आणि गुडघे दुखत होते म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून घेतली. घरी आल्यावर दोन रात्री आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून ते खुर्चीत बसून झोपले. घरच्यांना वाटलं ॲसिडिटी, इनो दिला. तिसऱ्या रात्री श्वासच घेता येईना, तोंडातून गुलाबी फेस आला. आयसीयूत मास्क, इंजेक्शनं, पाचव्या दिवशी घरी. आता आई रडतात की उन्हाळा म्हणून मीच त्यांना सारखं पाणी पाजलं. भाऊ दिवसाला एक लिटर पाणी मोजून देतो, बाबा चोरून नळाला तोंड लावतात, रोज भांडण. काका म्हणतात शेजाऱ्यांचं सुईने बाटलीभर पाणी काढलं होतं, तुमच्या डॉक्टरांनी काम अर्धवट सोडलं. तिचे प्रश्न: ते पाणी अजून आत आहे का? बाबांना आणखी कडक ठेवायचं का? आणि सप्टेंबरमधलं केदारनाथचं बुकिंग कॅन्सल करायचं का?

ताई, पहिली गोष्ट सांगते ती आईंसाठी आहे, त्यांना शेजारी बसवून वाचून दाखवा. आपण पितो ते पाणी फुफ्फुसात जाऊन साठत नाही. ते आतड्यातून रक्तात जातं आणि जास्तीचं असेल ते किडनी लघवीवाटे काढते. बाबांच्या फुफ्फुसात उतरलं ते रक्तातलं पाणी होतं. हृदयाची डावी बाजू फुफ्फुसाकडून आलेलं रक्त पुढे शरीरात ढकलते, तिची ताकद अटॅकनंतर कमी झालेली, त्यामुळे रक्त मागे तुंबतं आणि फुफ्फुसातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर चढतं. एरवी ते प्रेशर साधारण १० मिलिमीटरच्या (बीपी मोजतात तेच पाऱ्याचे मिलिमीटर) आसपास किंवा त्याहून कमी असतं, आणि रक्तातली प्रथिनं पाणी स्वतःकडे ओढून धरतात त्याचा जोर साधारण २५ चा. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने ही ओढाताण १८९६ मध्येच मांडली होती. प्रेशर अचानक २५ च्या वर गेलं की प्रथिनांचं धरून ठेवणं अपुरं पडतं, पाणी आधी वाहिन्यांच्या भोवतीच्या जागेत झिरपतं, आणि ती जागा भरली की हवेच्या फुग्यांमध्ये उतरतं. हवा, पाणी आणि थोड्या लाल पेशी मिसळल्या की तो गुलाबी फेस. बघायला फार भयंकर असतो, तुम्ही सगळे घाबरलात यात नवल नाही.

मग प्रेशर चढलं कशाने? तुमच्याच पत्रात तीन कारणं आहेत. चार दिवस गोळी बंद, लग्नातलं पापड-लोणचं-फरसाण आणि हॉटेलचं जेवण, आणि पेनकिलर. शेवटचं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम या जातीच्या गोळ्यांनी किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते, आणि पाण्याच्या गोळीचा जोरही कमी होतो. त्यात बाबांनी तर ती गोळी घेतलीच नव्हती. आईंनी दिलेलं साधं पाणी या यादीत फार खाली येतं. सरबतातलं आणि ताकातलं मीठ थोडंफार येतं, पण ते काही एकट्याने माणसाला आयसीयूत नेत नाही.

आता काकांचा मुद्दा. शेजाऱ्यांचं पाणी होतं ते फुफ्फुसाच्या बाहेर, फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या पोकळीत. तिथे ते एका जागी साठतं म्हणून सुई घालून काढता येतं. बाबांचं पाणी होतं फुफ्फुसाच्या आत, ३० ते ५० कोटी इवल्याशा फुग्यांमध्ये विभागलेलं, तिथे कुठली सुई घालणार? काही काढायचं राहून गेलं नाहीये. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे बाबांसारखं हृदयाचं पंपिंग कमी पडणाऱ्या, पेशंटला कधीकधी त्या बाहेरच्या पोकळीतही पाणी होतं, पण ते एक्स-रे आणि सोनोग्राफीत दिसतं, डॉक्टरांनी ते बघितलेलं असणार, शंका असेल तर सरळ विचारा.

मग सुई न घालता ते गेलं कसं? हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण घरातली निम्मी भीती 'ते अजून आत आहे' याच समजुतीतून येतेय आणि फुफ्फुस म्हणजे एकदा भरलं की भरलेलंच राहतं असं सगळेच धरून चाललेत.

हवेच्या त्या फुग्यांचं सगळं अस्तर पसरलं तर अंदाजे ७० चौरस मीटर होईल, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. त्यातला ९५ टक्के भाग पातळ, पसरट पेशींनी झाकलेला असतो, त्यांना टाइप वन म्हणतात. त्यांच्या मधेमधे गुटगुटीत टाइप टू पेशी, ज्या फुगे मिटू नयेत म्हणून एक साबणासारखा पदार्थ सोडत असतात. या दोन्ही पेशी आणखी एक काम करतात जे आपल्याला कुणी शाळेत सांगितलेलं नसतं: त्या फुग्यातलं पाणी उपसतात, रात्रंदिवस, तुमच्या माझ्याही फुफ्फुसात आत्ता या क्षणी.

आणि उपसतात कशा, तर मिठाच्या जोरावर. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं ना, मीठ बाहेर म्हणून पाणी बाहेर, तसंच हे. पेशीच्या हवेकडच्या बाजूला सोडियमसाठी, म्हणजे मिठातल्या एका घटकासाठी, बारीक दारं असतात, त्यातून फुग्यातल्या पाण्यातलं सोडियम पेशीत शिरतं. पेशीच्या दुसऱ्या बाजूला, रक्ताकडे, एक पंप असतो, तो दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, त्यासाठी पेशीची स्वतःची ऊर्जा खर्च होते. हा पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं, त्यांनी मात्र तो खेकड्याच्या नसांमध्ये शोधला होता, फुफ्फुसात तोच पंप हे काम करतो हे फार नंतर कळलं. तर सोडियम या बाजूने त्या बाजूला गेलं की पाणी त्याच्या मागोमाग जातं. तिथून ते रक्तात आणि लसिकावाहिन्यांत (झिरपलेलं पाणी परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या), तिथून किडनीत, आणि किडनीतून बाबांच्या लघवीच्या पिशवीत, जी नर्स दर तासाला मोजून लिहीत होती.

बरीच वर्षं डॉक्टरांनाही वाटायचं की पाणी आपोआप, प्रथिनांच्या ओढीने परत जात असेल. १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल मॅथे आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर प्रयोग केला, फुफ्फुसात प्रथिनं असलेलं पाणी सोडलं आणि थांबून बघितलं. पाणी कमी होत गेलं, प्रथिनं मात्र मागे राहून घट्ट घट्ट होत गेली. प्रथिनांची ओढ तर आता फुग्याच्या बाजूने वाढलेली, तरी पाणी उलट्या दिशेने निघतच होतं. म्हणजे कुणीतरी मेहनत करून ते काढतंय. पुढे १९९६ मध्ये ती सोडियमची दारं नसलेले उंदीर तयार केले गेले, ती पिल्लं जन्मानंतर दोन दिवससुद्धा जगली नाहीत, कारण त्यांना फुफ्फुसातलं पाणी काढताच आलं नाही.

पिल्लांचं सांगितलं कारण आपण प्रत्येकाने हे काम जन्मताना केलेलं आहे. पोटातल्या बाळाची फुफ्फुसं पाण्याने भरलेली असतात, ते पाणी बाळाच्याच फुफ्फुसातल्या पेशी सोडत असतात. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगात ॲड्रेनलिन वाढतं आणि त्याच पेशी पाणी सोडायचं थांबवून ओढून घ्यायला लागतात. कळा न येताच सिझेरियन झालेल्या काही बाळांचा श्वास पहिला एक-दोन दिवस भरभर चालतो तो याच कारणाने, ते काम थोडं उशिरा सुरू झालेलं असतं.

तर आता बाबांचं बघा. आयसीयूत लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं ते फुफ्फुसावर चालत नाही, किडनीवर चालतं, रक्तातलं जास्तीचं मीठ-पाणी लघवीत काढतं म्हणजे रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर उतरतं. मास्क बघून तुम्हाला वाटलं शेवटचा उपाय चाललाय, पण तो मास्क फुगे उघडे ठेवतो, हृदयावरचा भार कमी करतो आणि ऑक्सिजन पोचवतो. ऑक्सिजन कमी पडला तर हे पंपही मंदावतात, म्हणून तोही महत्त्वाचा. येणारं पाणी अशा रीतीने थांबलं, आणि आधीच उतरलेलं होतं ते बाबांच्या स्वतःच्या पेशींनी उपसलं. हृदयामुळे पाणी झालेल्या बहुतेक पेशंटमध्ये या पेशी शाबूत असतात, म्हणून माणूस दोन दिवसांत इतका सुधारतो की घरच्यांचा विश्वास बसत नाही. न्यूमोनियाने किंवा कोविडसारख्या आजारात पेशीच जखमी होतात, तिथे अस्तरच गळकं होतं आणि आठवडे लागतात. तुमचे बाबा पहिल्या गटातले, हे नशीब समजा.

घरी सोडताना डॉक्टरांनी बाबांच्या पाठीवर खालच्या बाजूला स्टेथो ठेवून दीर्घ श्वास घ्यायला लावला असेल. तिथे श्वास आत घेताना अगदी शेवटी बारीक चुरचुर ऐकू येते का ते आम्ही बघतो, पाणी असेल तर ती असते. नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का तेही बघतो. सोडलं म्हणजे हे बऱ्यापैकी साफ होतं. त्यामुळे 'अजून आत आहे का' याचं उत्तर, बहुतेक नाही. पण परत येऊ शकतं, आणि तिथेच तुमचं घर चुकीच्या गोष्टीवर ताकद लावतंय.

एक लिटरचा आकडा कुठून आला? डिस्चार्ज कार्ड काढून बघा. तिथे लिहिलं असेल तर पाळाच, रक्तातलं सोडियम कमी असेल किंवा सूज जास्त असेल तर डॉक्टर मुद्दाम कडक ठेवतात. पण भावाने घाबरून स्वतःच ठरवला असेल तर लगेच फोन करून विचारा, कारण सोलापूरकडचा चाळिशीच्या वरचा उन्हाळा, त्यात पाण्याची गोळी चालू, आणि ७० वर्षांच्या माणसाला एकच लिटर, यात बीपी पडणं, चक्कर येऊन पडणं, किडनीला धक्का बसणं हे सगळं होऊ शकतं. नेदरलँड्समध्ये स्थिर हार्ट फेल्युअरच्या पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०२५ मध्ये निकाल आले, निम्म्यांना दिवसाला दीड लिटरची मर्यादा आणि निम्म्यांना मोकळीक. मर्यादेने तब्येतीत ठळक फरक पडला नाही, तहानेचा त्रास मात्र वाढला. बाबा नळाला तोंड लावतात ते हट्टाने नाही हो, त्यांना खरंच तहान लागते.

भावाची ही सगळी काळजी मिठाकडे वळवा. दिवसाचं एकूण मीठ साधारण पाच ग्रॅम, एक सपाट चमचा, आणि त्यात भाजी, आमटी, भाकरी, चटणी सगळं आलं. पापड, लोणचं, शेंगाचटणी, फरसाण, खारी, सुकट यांचं मीठ वेगळं मोजलं जात नाही म्हणून घात होतो. सैंधव मीठ चालतं असं लोक सांगतात, तेही सोडियमच. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढलेलं असतं, ते विचारल्याशिवाय बिलकुल आणू नका. इनोमध्ये आणि पाण्यात फसफसणाऱ्या इतर गोळ्यांमध्येही सोडियम असतं. ओआरएसचं पाकीटही उगाच देऊ नका. आईंना स्वयंपाकात मीठ निम्मं करायला सांगा, वर लिंबू, आमसूल, कोथिंबीर, भाजलेलं जिरं, लसूण वाढवा, आठवडा-दोन आठवड्यांत जिभेला सवय होते.

आणि एक वजनकाटा आणा. मला विचाराल तर या घरात सगळ्यात गरजेची वस्तू तीच आहे. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच हलक्या कपड्यात बाबांनी स्वतः उभं राहायचं आणि आकडा कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात स्वतःच्या हाताने लिहायचा. भावाने नाही, बाबांनी. दिवसात किलोभर किंवा तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी आहे, चरबी इतक्या लवकर चढत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. श्वास लागायच्या आधी बऱ्याचदा काटाच सांगून मोकळा होतो. ग्लास मोजण्यापेक्षा हे जास्त उपयोगी आहे आणि यात कुणी कुणावर पहारा ठेवत नाही.

गोळी बंद केल्याबद्दल बाबांना बोल लावू नका. बसमध्ये सत्तरीच्या माणसाला लघवी दाबून बसावं लागतं हा खरा प्रॉब्लेम आहे, आणि त्यांना कुणी दुसरा मार्ग सांगितला नव्हता. ही गोळी घेतल्यावर तासाभरात लघवी सुरू होते आणि साधारण सहा तासांत जोर ओसरतो. म्हणजे प्रवासाच्या दिवशी सकाळची गोळी मुक्कामाला पोचल्यावर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येतं. बहुतेक जण हो म्हणतील. चुकवायची मात्र नाही. गुडघ्यांसाठी कुठली गोळी चालेल हेही त्याच भेटीत लिहून घ्या, आणि तोवर मेडिकलवाल्याला बाबांचा हृदयाचा त्रास सांगून ठेवा.

त्या दोन रात्रींबद्दल थोडं. माणूस आडवा झाला की पायातलं पाणी आणि रक्त छातीकडे सरकतं, फुफ्फुसातलं प्रेशर वाढतं, म्हणून उठून बसल्यावर बरं वाटतं. हृदयाच्या पेशंटला उशा वाढवाव्या लागल्या, खुर्चीत झोपावं लागलं, मध्यरात्री घुसमटून उठावं लागलं, तर ती ॲसिडिटी धरायची नाही, सकाळी पहिलं काम डॉक्टर. हे तुम्हाला तेव्हा कळलं नाही यात तुमची चूक नाही, पण हे वाचणाऱ्या इतर घरांनी एवढं तरी लक्षात ठेवावं म्हणून मुद्दाम लिहिते. आणि पुन्हा कधी श्वास कोंडला तर त्यांना झोपवू नका, पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून ताठ बसवा, १०८ ला फोन करा, पाणी-दूध-इनो काही तोंडात घालू नका, स्कूटरवर मधे बसवून नेऊ नका. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी आधी लिहून दिली असेल तरच, बीपी कमी असेल तर ती उलटते.

कुणीतरी कपालभातीने पाणी निघेल असं सांगितलंय असं शेवटी लिहिलंत. श्वास जोरात मारून फुग्यातलं पाणी बाहेर येत नाही, ते काम त्या पेशींचंच आहे. अशा हृदयावर कपालभाती नकोच. घरातल्या घरात, मग अंगणात चालणं, बोलता येईल इतक्याच वेगाने, हे डॉक्टर बहुधा सांगतीलच. पेशींना औषधाने जोर देता येतो का हे शास्त्रज्ञांनीही करून पाहिलं, दम्यासाठी वापरतात तेच साल्ब्युटामॉल इंजेक्शनने दिलं, जखमी फुफ्फुसांच्या पेशंटवर ब्रिटनमध्ये मोठी ट्रायल झाली, पण औषध घेतलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले म्हणून ती मधेच थांबवावी लागली, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तेव्हा पंपाचा वेग वाढवायचा घरगुती उपाय कुणी सांगितला तर त्याच्या नादी लागू नका.

केदारनाथ यंदा नको. मंदिर साधारण ३,५८० मीटरवर आहे. तिथल्या कमी ऑक्सिजनमध्ये फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, प्रेशर वाढतं, आणि धडधाकट तरुणांच्याही फुफ्फुसात पाणी उतरतं, शिवाय ज्या पंपांबद्दल मी एवढं लिहिलं ते तिथे मंदावतात. बाबांना आत्ताच एकदा होऊन गेलंय. बुकिंगचे पैसे किती परत मिळतात ते आजच विचारा. पण यात्रेवर सरसकट काट मारू नका, त्यांच्या मनातली ती गोष्ट आहे. हरिद्वार जेमतेम ३०० मीटरवर आहे, रेल्वेने जाता येतं, डब्यात टॉयलेट असतं म्हणजे गोळीचाही प्रश्न नाही. कार्डिऑलॉजिस्टनी हो म्हटलं आणि तोपर्यंत काट्यावरचे आकडे स्थिर राहिले तर पावसाळा संपल्यावर आई-बाबा दोघांना घेऊन जा.

पुढच्या फॉलो-अपला कॅलेंडरचं ते पान सोबत न्या, आणि विचारा: पाणी नक्की किती, प्रवासात गोळी कधी, गुडघ्याला काय घ्यायचं, वजन वाढलं तर गोळी वाढवायची का आणि किती, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) परत कधी. उत्तरं त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून भावाला आणि काकांना पाठवा.